सुयांचा हिशोब

गेले दोन वीकएंड रिलीजमध्ये गेले, त्यामुळे इथे काही लिहिणं झालं नाही. मेल करून आठवण करून देणाऱ्या तिघांचे मनापासून आभार. (तिघंच आहात, पण आहात! :)) आजचा विषय जरा वेगळा आहे. इतिहासच आहे, पण किल्ले नाहीत आणि लढायाही नाहीत. एका अमेरिकन शहरात एक जुनी व्हॅन, काही हजार सुया आणि त्या सुयांची काटेकोर नोंदवही, एवढ्यावरची गोष्ट आहे. त्याआधी घरची एक आठवण सांगतो, कारण ती डोक्यात नसती तर या विषयाकडे मी वळलोच नसतो.

आमचं तालुक्याच्या गावी औषधाचं दुकान होतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट, मी तेव्हा नववीत असेन. सुट्टीत दुपारी बाबांबरोबर काउंटरवर बसायचो. एकदा स्टँडवर हमाली करणारा एक पोरगा आला आणि त्याने इंजेक्शनची सिरिंज आणि सुई मागितली. औषध नको, फक्त सिरिंज. बाबांनी त्याच्या हाताकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "चिठ्ठी आण डॉक्टरची." खरं तर सिरिंजला चिठ्ठी लागत नव्हती. तो काही न बोलता निघून गेला. बाबा मला म्हणाले, "असल्यांना द्यायचं नसतं. आपण कशाला त्या पापात भागीदार व्हायचं?" मला बाबांचा अभिमान वाटला होता. पुढे त्या पोराचं काय झालं ते माहीत नाही. झालं, एवढीच आठवण.

यात चूक काय? वरवर काहीच नाही. सज्जन माणूस असंच वागेल. पण हाच सज्जनपणा एका अख्ख्या शहराने दाखवला तर काय होतं, याचं उत्तर इतिहासात आहे, आणि ते चांगलं नाही.

ते शहर म्हणजे स्कॉटलंडमधलं एडिंबरा. १९८०च्या सुमारास तिथल्या गरीब वस्त्यांमध्ये हेरॉईनची लाट आली. आपल्याकडे ज्याला 'गर्द' म्हणायचे त्याचाच हा भाऊबंद. फरक इतकाच की आपल्याकडचे बहुतेक गर्दुल्ले ते चांदीच्या कागदावर जाळून ओढायचे, आणि एडिंबरात ते शिरेत टोचून घ्यायचे. पोलिसांनी ठरवलं की हेरॉईन पकडायचंच, पण सुयाही मिळू द्यायच्या नाहीत. दुकानांवर दबाव आला. सुया विकणं बंद झालं, खिशात सिरिंज सापडली की पोलिस ती जप्त करायचे. हेतू शंभर टक्के चांगला.

झालं काय? हेरॉईन मिळतच राहिलं. कमी झाल्या त्या फक्त सुया. मग एकेक सुई आठ-दहा जणांत फिरू लागली. आणि नेमक्या त्याच वेळी, कुणाला काही कळायच्या आत, एचआयव्ही त्या वर्तुळात शिरला. म्यूरहाउस नावाच्या वस्तीत रॉय रॉबर्टसन नावाचे एक डॉक्टर होते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निबंध छापला. त्यांच्या दवाखान्यात येणाऱ्या १६४ हेरॉईन घेणाऱ्यांच्या रक्ताची तपासणी झाली, आणि त्यातले ५१ टक्के एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाले. निम्मे! जुने साठवलेले नमुने तपासल्यावर कळलं की हा शिरकाव साधारण १९८३ पासूनचा आहे. तासाभराच्या अंतरावरच्या ग्लासगोमध्ये हेरॉईन तितकंच होतं, पण तिथे हे प्रमाण कितीतरी कमी होतं. एडिंबराला वर्तमानपत्रं युरोपची एड्सची राजधानी म्हणायला लागली. 'ट्रेनस्पॉटिंग' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल, तो याच शहराच्या याच काळाबद्दल आहे.

ब्रिटनने मात्र धडा लवकर घेतला. त्याच १९८६ साली लिव्हरपूलमध्ये वापरलेली सुई द्या आणि नवी घ्या अशी सोय सुरू झाली, १९८७ मध्ये सरकारने प्रायोगिक केंद्रं उघडली. (ॲमस्टरडॅममध्ये हे १९८४ पासूनच चालू होतं, आणि त्यात पुढाकार होता खुद्द नशा करणाऱ्यांच्या संघटनेचा.) १९८८ मध्ये सरकारच्या सल्लागार समितीने स्पष्ट शब्दांत सांगितलं की एचआयव्हीचा प्रसार हा अमली पदार्थांपेक्षा मोठा धोका आहे. लक्षात घ्या, हे थॅचरबाईंचं सरकार होतं. कुणी त्यांना मवाळ म्हणणार नाही.

आता अमेरिका. तिथे चित्र बरोबर उलटं. १९८८ मध्ये काँग्रेसने ठरवलं की केंद्र सरकारचा एक डॉलरही सुया वाटायला वापरायचा नाही. युक्तिवाद तोच, बाबांचा. आपण कशाला भागीदार व्हायचं? शिवाय दुसरी भीती अशी की सुया फुकट वाटल्या तर नशा वाढेल. यात सगळे खलनायक होते असं मुळीच नाही. हेरॉईनने उद्ध्वस्त झालेल्या वस्त्यांमधली कृष्णवर्णीय नेतेमंडळी विरोधात होती, आणि त्यांचा राग समजण्यासारखा होता. आमच्या पोरांना उपचार पाहिजेत तर तुम्ही सुया देताय, असं ते म्हणत होते. त्याला उत्तर द्यायला आकडे हवे होते, आणि ते कुणाकडेच नव्हते.

न्यूयॉर्कने १९८८ च्या शेवटी एक छोटा प्रयोग केला, पण केंद्र ठेवलं आरोग्य खात्याच्या इमारतीत, कोर्ट आणि तुरुंगाच्या शेजारी! खिशात सुई सापडली तर अटक होणारा माणूस ती सुई घेऊन कोर्टासमोरून चालत येईल का? फार थोडे लोक आले. १९९० मध्ये नवे महापौर डेव्हिड डिंकिन्स यांनी तो प्रयोग बंदच करून टाकला. म्हणजे प्रयोग फसवायचा, आणि मग म्हणायचं बघा, फसला. हा पॅटर्न आयटीवाल्यांना वेगळा सांगायला नको.

आता आपण मूळ गोष्टीकडे येऊ. कनेक्टिकट राज्यातलं न्यू हेवन, येल विद्यापीठाचं गाव. एका बाजूला येलच्या दगडी इमारती, आणि चार रस्ते ओलांडले की अमेरिकेतल्या गरिबातल्या गरीब वस्त्या. कनेक्टिकटमध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय सिरिंज जवळ बाळगणं गुन्हा होता. स्वतः पूर्वी नशा केलेला, आणि मग येलमध्ये सार्वजनिक आरोग्य शिकायला आलेला जॉन पार्कर नावाचा एक माणूस १९८६ पासून बेकायदा सुया वाटत फिरत होता. बऱ्याच खटपटीनंतर १९९० मध्ये राज्याच्या विधिमंडळाने न्यू हेवनपुरती परवानगी दिली. पण अट घातली की प्रयोगाचं मूल्यमापन झालं पाहिजे आणि अहवाल आमच्याकडे आला पाहिजे. ही अटच पुढे सगळ्यात मोलाची ठरली.

मूल्यमापन करायचं कसं? सरळ उपाय म्हणजे लोकांना विचारायचं, "तुम्ही आता सुई दुसऱ्याची वापरता का हो?" पण तुम्ही कधी युजर फीडबॅकचा फॉर्म तयार केला असेल तर यातली गोची तुम्हाला माहीत आहे. फुकट सुया देणाऱ्याला खूश करायला माणूस "छे छे, अजिबात नाही" म्हणणारच. सगळ्यांची पुन्हापुन्हा रक्ततपासणी करणं हा दुसरा मार्ग. पण पोलिसांना घाबरून असणारी ही माणसं रक्त कशाला देतील? ती यायचीच बंद होतील.

इथे एडवर्ड कॅप्लन हा माणूस येतो. हा डॉक्टर नव्हे. येलच्या मॅनेजमेंट स्कूलमध्ये ऑपरेशन्स रिसर्च शिकवणारा प्राध्यापक. म्हणजे रांगा, साठा, वाहतूक यांची गणितं करणारा, आपल्याच जातकुळीतला. त्याच्या डोक्यात आलेली कल्पना इतकी सोपी आहे की आपल्याला का नाही सुचली असं वाटावं. माणसांना विचारूच नका, सुयांना विचारा.

म्हणजे कसं? प्रत्येक सिरिंजवर एक क्रमांक. येणाऱ्या प्रत्येकाला एक टोपणनाव, खरं नाव विचारायचं नाही. अमुक क्रमांकाची सुई अमुक टोपणनावाला अमुक तारखेला, अमुक ठिकाणी दिली, याची नोंद. ती परत आली की कुणी आणली, कधी, कुठे, याचीही नोंद. मग परत आलेल्या सुयांमधल्या काही निवडून त्या प्रयोगशाळेत रॉबर्ट हाइमर या शास्त्रज्ञाकडे. तो सुईत उरलेल्या रक्ताच्या अंशात एचआयव्हीची जनुकीय खूण आहे का ते पीसीआरने तपासणार. (कोविडमुळे पीसीआर आता आपल्या आजीलाही माहीत आहे. १९९० मध्ये ते अगदी नवं तंत्र होतं.) थोडक्यात, लॉग फाइल. युजर काय म्हणतो ते सोडा, लॉग काय म्हणतो ते बघा. या कामावर पुढे जो निबंध आला त्याचं शीर्षकही त्याच अर्थाचं आहे, सुयांनाच बोलू द्या.

नोव्हेंबर १९९० मध्ये शहराच्या आरोग्य खात्याची व्हॅन रस्त्यावर आली. न्यूयॉर्कची चूक इथे केली नाही. लोकांनी सरकारी इमारतीत यायचं नाही, व्हॅनच त्यांच्या वस्तीत जायची. आत काम करणारी माणसं त्याच वस्त्यांमधून आलेली. तिथे सुईबरोबर कंडोम मिळायचे, निर्जंतुक करायला ब्लीचची बाटली मिळायची, आणि व्यसन सोडायचं असेल तर उपचारकेंद्रात जागा मिळवून द्यायला मदतही.

व्हॅन सुरू होण्याआधी रस्त्यावरच्या सुया तपासून ठेवल्या होत्या. त्यातल्या ६७.५ टक्के सुयांमध्ये एचआयव्हीची खूण होती. तीन सुयांमधल्या दोन! आणि 'शूटिंग गॅलरी' म्हणजे जिथे लोक जमून एकच सुई भाड्याने वापरायचे, अशा जागेतल्या ४८ पैकी ४४ सुया. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा दोनदा वाचला.

आता गणित. काळजी करू नका, समीकरण लिहीत नाही. कॅप्लनने सुईकडे डासासारखं बघितलं. मलेरियात डास आजारी माणसाला चावतो, जंतू घेतो, मग निरोगी माणसाला चावतो आणि जंतू देतो. इथे सुई तेच करते. रोग किती पसरेल हे डास किती आहेत आणि प्रत्येक डास किती दिवस जगतो यावरही अवलंबून असतं. हे गणित मुळात मांडलं रोनाल्ड रॉस यांनी. हे तेच रॉस, ज्यांनी १८९७ मध्ये आपल्या सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू शोधला, आणि ज्यांना १९०२ चं नोबेल मिळालं. सिकंदराबादचा डास असा शंभरेक वर्षांनी न्यू हेवनच्या सुईत पोचला.

मग डास मारायचा म्हणजे काय करायचं? सुईचं आयुष्य कमी करायचं. सुई महिनाभर रस्त्यावर राहिली तर तिला दहा माणसं भेटतात. तीच तीन दिवसांत परत आली तर दोघं भेटतील. जितकी कमी माणसं, तितकी ती दूषित असण्याची शक्यता कमी. यातली खरी मेख बघा. माणसांच्या सवयी सुधारल्या नाहीत, ते पूर्वीइतकेच एकमेकांची सुई वापरत राहिले असं धरलं, तरीसुद्धा संसर्ग कमी होतो! कारण ते जी सुई वापरतात तीच जास्त स्वच्छ असते. कॅशमधल्या नोंदीचं आयुष्य कमी केलं की शिळा डेटा मिळायची शक्यता घटते, अगदी तसंच. आणि म्हणूनच एक घ्या, एक द्या. नुसत्या सुया वाटल्या तर रस्त्यावरच्या सुया वाढतात. बदलून दिल्या तर त्यांची संख्या तेवढीच राहते, फक्त फिरायचा काळ घटतो.

जुलै १९९१ मध्ये अहवाल आला. परत येणाऱ्या सुयांमधलं दूषित सुयांचं प्रमाण साधारण एक तृतीयांशाने घसरलं होतं. मॉडेलचा अंदाज असा की कार्यक्रमात येणाऱ्यांमध्ये नव्या संसर्गाचा वेग ३३ टक्क्यांनी कमी झाला. हा अंदाज आहे, मोजलेला आकडा नव्हे, आणि कॅप्लननेही ते कधी लपवलं नाही. घसरण खरी कशामुळे, येणारी माणसंच तर वेगळी नव्हती ना, असल्या शंका घेतल्या गेल्या आणि तपासल्याही गेल्या. १९९३ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या हिशोबतपासणी कार्यालयाने बाहेरचे तज्ज्ञ बसवून हे मॉडेल उलटंपालटं करून पाहिलं आणि ते पक्कं असल्याचं सांगितलं. त्याआधी १९९२ मध्ये ऑपरेशन्स रिसर्चमधला मानाचा फ्रान्झ एडलमन पुरस्कार न्यू हेवनच्या आरोग्य खात्याला मिळाला होता. एरवी जो पुरस्कार मोठमोठ्या कंपन्या कोट्यवधी डॉलर वाचवल्याबद्दल नेतात, तो एका व्हॅनला!

त्याहून महत्त्वाचं म्हणजे माणसं बदलली. ज्यांनी न्यूयॉर्कचा प्रयोग बंद केला होता, त्याच महापौर डिंकिन्स यांनी न्यू हेवनचे आकडे बघून १९९१ च्या शेवटी आपला विरोध मागे घेतला. जाहीरपणे मत बदलणारा राजकारणी विरळाच, म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो. कनेक्टिकटने १९९२ मध्ये औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय दहापर्यंत सिरिंज विकायला परवानगी दिली.

गोष्ट इथे संपली असती तर छान झालं असतं. पण केंद्राची बंदी तशीच राहिली. २००९ मध्ये उठली, २०११ मध्ये परत आली, २०१५ च्या शेवटी थोडी सैल झाली. म्हणजे कार्यक्रमाला पैसे देता येतील, पण खुद्द सुई घ्यायला नाही. ती सैल व्हायला कारण झालं इंडियाना राज्यातलं ऑस्टिन नावाचं जेमतेम चार हजार वस्तीचं गाव. त्या भागात आधीच्या दहा वर्षांत एचआयव्हीचे रुग्ण एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. लोक वेदनाशामक गोळ्या विरघळवून टोचून घ्यायला लागले. सुया बदलून देणं त्या राज्यात बेकायदा होतं. २०१४-१५ मध्ये बघता बघता दोनशेहून जास्त लोकांना लागण झाली. तेव्हाचे गव्हर्नर माइक पेन्स यांचा असल्या कार्यक्रमांना विरोध होता, पण मार्च २०१५ मध्ये त्यांना आणीबाणी जाहीर करून तीच परवानगी द्यावी लागली. साथ आटोक्यात आली. आणि मग, २०२१ मध्ये स्थानिक मंडळाने मतदान करून ते केंद्र बंद करायचं ठरवलं. साथ नाही, मग केंद्र कशाला? सर्व्हर पडत नाहीये, मग ॲडमिन कशाला, हा प्रश्न तुम्ही ऐकला असेलच.

आणि आपण? आपल्याकडची सगळ्यात दुःखद कहाणी मणिपूरची. म्यानमारच्या सीमेवरून हेरॉईन यायचं, तेही टोचून घ्यायचं. १९८९-९० च्या सुमारास तिथे पहिले रुग्ण सापडले आणि जेमतेम वर्षभरात तपासलेल्यांपैकी निम्मे पॉझिटिव्ह. एडिंबराचीच पुनरावृत्ती. पण मणिपूरनेच १९९६ मध्ये राज्याचं एड्स धोरण आणून सुया पुरवण्याचा मार्ग अधिकृतपणे स्वीकारला. पुढे राष्ट्रीय कार्यक्रमातही नव्या सुया आणि हेरॉईनऐवजी जिभेखाली ठेवायची गोळी, हे दोन्ही आलं. २०१७ च्या राष्ट्रीय पाहणीत मणिपूरमधल्या टोचून घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ८ टक्क्यांच्या आत आलं होतं. शेजारच्या मिझोराममध्ये मात्र ते २० टक्क्यांच्या जवळ होतं. म्हणजे लढाई संपलेली नाही, फक्त कशी लढायची ते माहीत आहे.

असो. गेल्या रविवारी फोनवर बाबांना हे सगळं सांगितलं. दुकान आता चुलतभाऊ चालवतो, बाबा निवृत्त आहेत. मला वाटलं चिडतील. ते शांतपणे ऐकत होते. मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला तो स्टँडवरचा पोरगा आठवतो का?"

"आठवतो की. लुकडा होता."

मग थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. नंतर विचारलं, "पण वापरलेली सुई परत कोण घ्यायचं रे?"

"व्हॅनवालेच. जुनी द्यायची, नवी घ्यायची."

"हां. म्हणजे आपण सोड्याच्या बाटल्या परत घ्यायचो तसं." परत थोडा वेळ गप्प. "मी त्याला नाही म्हणालो म्हणून त्याने सोडलं नसणार. दुसऱ्या कुणाची तरी घेतली असणार."

मी काही बोललो नाही. नववीतल्या त्या दुपारी आम्हाला दोघांनाही जे कळलं नव्हतं, ते समजायला मला येलचा प्राध्यापक आणि डासाचं गणित लागलं. बाबा तिथे एका प्रश्नात पोचले. मग त्यांनी पावसाचं विचारलं, तुमच्याकडे झाला का म्हणून, आणि फोन आईकडे दिला.